रिकाम्या मागाची रेकॉर्ड

—नाही नाही, आधी बसा. उभ्यानं काही बोलायचं नाही, या घरात ती पद्धत नाही. ऊन पाहा कसं आहे, नागपूरचा मे महिना, पाहुण्याले आधी पाणी, मग पन्हं, मग जे काय असेल ते. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय माझ्यासारखा आहे, रिटायर झालेला. इकडे बसा, वाळ्याच्या पडद्याजवळ. अन् ती पिशवी... ती पिशवी खाली ठेवा ना बाप्पा. मांडीवर काहून धरून बसले? द्या इकडे. नाही, राहू द्या, मी हात नाही लावत. तुम्हीच ठेवा, दिवाणाखाली, आत सरकवा — अजून आत. माझी बायको मागे रांधणीत पन्हं करून राहिली आहे, ती ट्रे घेऊन येईल, तिच्या नजरेले पडली नाही पाहिजे. हां. आता बरं आहे.

ओळखलं मी तुम्हाले. दार उघडल्याबरोबर ओळखलं. नाव तुम्ही सांगितलं, पण खरं सांगतो, ते कानात गेलंच नाही, मी पिशवीच पाहून राहिलो होतो. चेहरा मात्र पाठ आहे. रेकॉर्डच्या कव्हरवर, मागच्या बाजूले, सगळे ओळीनं उभे आहेत, घेरदार पँटी अन् डोक्यावर चिमण्यांची घरटी, त्यात मधले ते तुम्ही. ट्रंपेट तुमची. आमचं पोरगं, जागेश्वर, अगदी कडेले, हातात ड्रमच्या दोन काड्या धरून, फोटोग्राफरनं आत्ताच शिवी दिल्यासारखा. आजोबानं रामटेकच्या गडावर मोठ्या हौसेनं नाव ठेवलं जागेश्वर, अन् मुंबईत तुम्ही लोकांनी त्याचं केलं जॅग. मोटारीखाली लावतात ना, टायर बदलताना? तो जॅक. हा जॅग. असो.

बोलू नका. पाणी घ्या. तांब्यातलं थंड आहे.

पिशवीचं सांगतो, म्हणजे तुम्हाले वाटायचं नाही की म्हातारा उगाच घाबरट आहे. दादाजीनं — दादाजी म्हणजे माझे वडील, आतल्या खोलीत आहेत — त्यांनी विणलेल्या लुगड्याचा काठ उरला होता, त्याची ती शिवली आहे. कुसुमावतीनं, माझ्या बायकोनं. तशी दुसरी पिशवी या नागपुरात नाही, मुंबईचं मले माहीत नाही. पोरगं ती उशाले घेऊन झोपते. कोणाच्या हातात देत नाही, बहिणीनं एकदा भाजी आणायले नेली तर दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. मग ती तुमच्या हातात काहून आहे, हे मी विचारून नाही राहिलो. लक्षात घ्या, मी विचारलेलं नाही. मी भूमी अभिलेख खात्यात हेडक्लार्क होतो, शहात्तर साली रिटायर झालो. आमच्या खात्याचा एक फार सुंदर नियम होता: जे विचारलं नाही, त्याचं उत्तर द्यायची गरज नसते. तो नियम आज आपण दोघं पाळू.

सोल अन् फंक. हे तुमच्या बाज्याचं नाव म्हणे. कव्हरवर छापलंच आहे. मी वाचणारा माणूस आहे; ऑफिसात दुपारी बाकीचे डुलक्या घ्यायचे अन् मी पुस्तकं वाचायचो, काम दोघंही करत नव्हतो. सोल म्हणजे आत्मा, हे ठीक. फंक म्हणजे काय, म्हणून मी डिक्शनरी काढली. एक अर्थ घाबरून जाणे. दुसरा अर्थ घाणेरडा वास. म्हटलं वा! आत्मा, भीती अन् वास — हे तर आमच्या ऑफिसचंच वर्णन झालं, यासाठी पोरगं मुंबईले कशाले गेलं? इथंच चिकटवला असता.

हसू नका. नाही, हसा. हसलेलं चालते. पण हसून झाल्यावर जे तोंड उघडाल ना, ते उघडू नका.

ऐकली का म्हणता? तुमच्या डोळ्यांत दिसून राहिलं, रेकॉर्ड ऐकली का, म्हणून. एकदा ऐकली. आमच्याकडे मशीन नाही. चौकात भैय्याजीची साऊंड सर्व्हिस आहे, लग्नात भोंगे लावते तो, त्याच्या दुकानात ऐकली, शटर अर्धं खाली करून. दोनदा ऐकली. दुसऱ्या बाजूले ते एक आहे ना, तुम्ही ते लांबलांब वाजवता, माणूस रडायचं नाही असं ठरवून रडते तसं, अन् मग तुम्ही सगळे एकदम थांबता अन् एकट्या आमच्या पोराचा हात चालू राहते, कोणी नसलेल्या घरात नळ चालू राहावा तसा — ते कितव्यांदा ऐकलं ते सांगता येणार नाही. भैय्याजी म्हणते, ‘बाबनभाऊ, सुई घिस जाएगी, आप घर जाओ.’ हे त्याले सांगू नका. जागेश्वरले. म्हणजे — सांगा. भेटला तर सांगा. म्हणजे तुम्ही तर त्याले... पाणी घ्या ना, घेतलंच नाही तुम्ही.

तिकडे गल्लीत काय पाहून राहिले? घडीघडी तिकडेच मान जाते तुमची. काही नाही तिथं. कोपऱ्यावर पानठेला आहे, अन् त्याच्यापुढं ऊन आहे. पान पाहिजे का? मग नका पाहू. मले आणखी भीती वाटते.

तो हात त्याले कोणी शिकवला नाही. लहानपणापासून तसाच. चालताही सरळ येत नव्हतं. टाच उचलायचीच नाही, चप्पल आपटत यायचा, फटक-फट, फटक-फट, चौकापासून. रंभाबाई समोरच्या, त्या म्हणायच्या, ‘बाबनराव, तुमचं पोरगं येते का टांगा येते?’ त्याची माय तो आवाज ऐकूनच ताट घ्यायची. तो चौकात असायचा तेव्हा इथं भात वाढलेला असायचा. दादाजीनं त्याले मागावर बसवून पाहिलं. आम्ही कोष्टी लोक, आमच्या घरी पोरगं चालायले लागलं की मागावर बसते. मीच पहिला जो टेबलावर बसला. तर याच्या हातचं कापड कसं यायचं? चार बोटं घट्ट, चार बोटं विरळ, मग एकदम तीन ठोके जास्तीचे. गांधीबागेतला कापडवाला शेठ म्हणाला, हे नेसायचं आहे का वाजवायचं? दादाजी त्याच्यावर चिडले नाहीत. म्हणाले, ‘हा विणत नाही गा, हा नाचवते.’ मग लग्नातले बाजेवाले, मग अजनीच्या रेल्वे कॉलनीतले ते साहेब लोकांचे नाच, मग तुम्ही. मी काही अडवलं नाही. फक्त रोज रात्री जेवताना थोडं बोललो, वर्षभर. त्याले अडवणं म्हणत नाहीत.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यातच आहे, अन् तुमच्या रेकॉर्डवर हे छापलेलं नाही.

माग रिकामा चालवायचा नसते. बाकी कुठं काय करतात मले माहीत नाही, आमच्या गल्लीत नसते. त्याच्यावर उभे दोरे ताणलेले असतात, ताणा म्हणतात त्याले, तो चढवलेला असला तरच मागाले हात लावायचा. भरल्या मागाचा आवाज दबका येते, तोंडात घास असल्यासारखा. रिकाम्याचा तसा नाही. लाकडावर लाकूड. खट् खटाक्. खट् खटाक्. तो आवाज आम्ही एकाच वेळी काढतो. घरात कोणी गेलं की घरातला मोठा माणूस ताणा कापते, गेलेल्याचं नाव घेते अन् रिकामा माग चालवते. मग गल्लीत कोणाले सांगत जावं लागत नाही. ठोके ऐकले की हातातलं टाकून माणसं धावत येतात. धावतच यायचं, चालत नाही — शत्रू असला तरी, म्हातारा असला तरी, धावत. अन् नाव घेतल्याशिवाय चालवायचा नाही. बिना नावाचा वाजवला तर वाजवणाऱ्याचंच नाव लागते.

मी मानत नाही हे. लिहून देतो पाहिजे तर. तीस वर्षं वाचनालयाचा सभासद आहे, गावात भुताखेताच्या विरोधात व्याख्यान होतं तेव्हा पहिल्या रांगेत बसलो होतो. पण रिकाम्या मागाले मी कधी हात लावला नाही. न मानणं वेगळं अन् हात लावणं वेगळं.

अन् हे पोरगं! गेल्या कार्तिकात घरी आलं होतं. आम्ही सगळे रामटेकले गेलो, पौर्णिमेच्या जत्रेले. दादाजीले गडावर चढवायचं म्हणून शेजारचा देवराव सोबत घेतला. जागेश्वर म्हणाला, पोट दुखते, मी घरीच राहतो. आदल्या दिवशीच दादाजीनं लुगडं उतरवलं होतं, दुसऱ्या दिवशी नवा ताणा चढवणार होते. माग रिकामा असते तो तेवढाच. परत येऊन पाहतो तर आतल्या खोलीच्या सगळ्या खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या. म्हटलं, काय रे हे? तर म्हणते, गोधड्यांले ऊन दाखवून राहिलो. खोलीच्या आतून ऊन! पण मी हेडक्लार्क माणूस, असले खुलासे आयुष्यभर मंजूर केले, हाही केला. स्टुडिओत तसंच करतात ना? भिंतीले जाड-जाड लावतात, आवाज इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून? टेपरेकॉर्डर तुमचा होता का? मान हलवली तरी चालेल. तेवढंच हलवा. — हां. छान आहे मशीन. फार स्वच्छ आवाज घेते.

मग रेकॉर्ड आली पोस्टानं. भैय्याजीले आनंद आवरेना. ‘अपने गली का लडका!’ दुकानात लावायची तर त्यानं सरळ लिंबाच्या झाडाले भोंगा बांधला, तोंड गल्लीकडे. सकाळची वेळ. मी इथं, या पुढच्या छपरीत दाढी करून राहिलो, गालाले साबण. अन् तुमची पहिली बाजू सुरू झाली. ट्रंपेट नाही, गिटार नाही, काही नाही. खट् खटाक्. खट् खटाक्. भोंग्यातून, अख्ख्या गल्लीवर.

तुम्ही मुंबईत ते ऐकून टाळ्या वाजवल्या असतील. इथं काय झालं सांगू? गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले. मग दारं उघडली. मग पाय. रंभाबाई सर्वात आधी, डोक्यावर पदर, अर्ध्या गल्लीतूनच हंबरडा, ‘बाबनराव गेले वं माय!’ काहून की आवाज आमच्या घरचा, हे ओळखायले कोणाले वेळ लागत नाही, अन् घरात नुकताच रिटायर झालेला मीच. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं. मी वस्तरा घेऊन दारात उभा. म्हटलं, रंभाबाई, मी आहे. तर ती बाई माझ्याकडे पाहून आणखी जोरानं रडली. देवराव तर तिकडूनच बांबू सांगायले गेला होता. त्याले परत बोलावलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे भाव होते ना — मी त्याले वाईट वाटू दिलं नाही, चहा पाजला. माझ्याच मयतीले आलेल्या सगळ्यांले चहा पाजला. कुसुमावती म्हणे, साखर संपली. म्हटलं, आता परत मरायचं असेल तर गूळ आणून ठेव.

हसलो हो आम्ही. सगळे हसलो. भैय्याजी कान धरून माफी मागून राहिला. अन् तेवढ्यात आतून दादाजी बाहेर आले, भिंतीले धरत धरत. त्यांचे कान गेले आहेत, माणसाचं बोलणं अर्धं ऐकू येते. पण माग ऐकू येते.

म्हणाले, ‘कोण गेलं गा?’

म्हटलं, कोणी नाही गेलं दादाजी, रेकॉर्ड आहे.

‘माग तं आपलाच वाजला. डाव्या बाजूनं फाटला आहे, ठोका डबल पडते. आपलाच आहे.’

म्हटलं, हो, आपलाच.

‘हात कोणाचा?’

मी म्हटलं, जागोचा.

मग त्यांनी विचारलं, ‘नाव कोणाचं घेतलं त्यानं?’

अन् मी, बाप्पा, मी कव्हर हातात घेऊन उभा. त्याच्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत छापलेलं, तुमच्या रेकॉर्डचं नाव: कवडूज लूम. कवडूचा माग. कवडू म्हणजे दादाजी. नातवानं आजोबाचं नाव दिलं, मुंबईत छापून आणलं, किती अभिमानानं दिलं असेल पोरानं, मी समजू शकतो. पण मी तिथं काय सांगू? की नाव तुमचंच घेतलं? मरणाचा ठोका अन् त्याच्यावर तुमचं नाव? मी म्हटलं, कोणाचंच नाही घेतलं. त्यांले वाचवायले गेलो मी. अन् दादाजी एवढंच म्हणाले, ‘मग त्यानं स्वतःचंच नाव सांगितलं. तो सांगून राहिला अन् तुम्ही चहा पिऊन राहिले.’

तेव्हापासून धड जेवत नाहीत. दोन घास, पाणी, अन् मागाजवळ जाऊन बसतात. जागोले आणून दाखवा म्हणतात, बस. कुसुमावतीले मी सांगितलं, म्हातारपण आहे. तिनं मान हलवली, अन् दुसऱ्या दिवसापासून रोज ताट एक जास्त घासून राहिली.

मग मी तार केली. आता तार म्हणजे शब्द मोजून. मी लिहिलं, ‘संदर्भ आपली रेकॉर्ड. घरी तात्काळ हजर व्हावे.’ कुसुमावती म्हणे, ‘पोराले तार केली का मेमो दिला?’ पण मले दुसरं लिहिताच आलं नाही. आजोबाची तब्येत बरी नाही असं लिहिलं तर ते अपशकुनी वाटते, तू जिवंत आहेस का असं तर विचारता येत नाही तारेत. जवाब नाही. पुन्हा तार. जवाब नाही. मग ट्रंक कॉल लावला, तुम्ही लोक जिथं वाजवता त्या हॉटेलात. अर्धा दिवस बसलो इथं तार ऑफिसातल्या बाकड्यावर. एक माणूस आला फोनवर, म्हणाला थांबा, विचारून सांगतो. अन् लाइन कटली. दुसऱ्या दिवशी परत लावायले गेलो, अन् दारातूनच परत आलो. काहून? असंच. मशीनजवळ गर्दी होती. नव्हती गर्दी. मीच नाही लावला.

अन् आज सकाळी, तुम्ही यायच्या थोडं आधीची गोष्ट, आतून कात्रीचा आवाज आला. जाऊन पाहतो तर दादाजीनं मागावरचा ताणा कापलेला. कार्तिकात चढवलेलं लुगडं, हळूहळू विणत होते, गुडघाभर राहिलं होतं फक्त. पांढरं, लाल काठाचं. सगळे दोरे खाली लोंबून राहिले. मले म्हणाले, ‘बाजूले हो.’ मी काय केलं — मी धोटा उचलला. हा पाहा. हा खिशात आहे, सदऱ्याच्या. लाकडाचा, दोन्हीकडून टोकदार, यात आडवा दोरा असते अन् हा इकडून तिकडे पळते. हा नसला तर माग वाजते कसा? सरकारी कचेरीत असंच करतात, काम थांबवायचं असेल तर शिक्का आपल्या खिशात ठेवायचा. मी तो घेऊन इथं येऊन बसलो. दादाजी तसेच मागावर बसून आहेत. अन् तुम्ही दार वाजवलं. अन् तुमच्या हातात पिशवी.

त्या खोलीचं दार उघडं आहे, पाहिलं का तुम्ही? तिथून ही छपरी दिसते. त्यांचे डोळे चांगले आहेत.

नका ना उठू. बसा. हात जोडतो तुम्हाले. मी कोणाले हात जोडणारा माणूस नाही, तहसीलदाराले जोडले नाहीत कधी, पगारवाढ थांबली त्यापायी. मले माहीत आहे तुम्ही काय सांगायले आले. बातमी सांगणारा माणूस असाच बसते, खुर्चीच्या टोकावर, अन् असाच दाराकडे पाहते, कधी सुटतो म्हणून. तुमचा दोष नाही. तुम्ही चांगल्या घरचे दिसता, इतक्या उन्हात एवढ्या लांबून आले, तारेनं कळवलं असतं तरी चाललं असतं, पण तुम्ही स्वतः आले. पण असं पाहा — तुम्ही बोलले नाही तोपर्यंत तो आहे. इतकी साधी गोष्ट आहे. मी विज्ञान मानणारा माणूस हे बोलून राहिलो, मलेच ऐकू येऊन राहिलं की हे किती मूर्खपणाचं आहे. तरी. पन्हं येऊ द्या. तिनं कैऱ्या उकडल्या, गूळ घातला, वेलदोडा कुटला, तेवढं तिच्या हातचं एक पन्हं शांतपणे होऊन जाऊ द्या या घरात. मग सांगा. मग मी तिले आत नेतो अन् तुम्ही—

थांबा.

ऐकलं?

नाही. नाही नाही नाही. धोटा तर माझ्या खिशात आहे! हा पाहा, हा माझ्या हातात आहे, मग ते — खट् खटाक् — ते कशानं — अरे देवा. दुसरा. विणकराच्या घरी दुसरा धोटा असतेच, नेहमी असते, एकाचा दोरा संपला की दुसरा भरून ठेवलेला. कोष्ट्याचा पोरगा मी, अन् मले हे आठवलं नाही! तीस वर्षं टेबलावर बसलो ना, एकच शिक्का असते तिथं. पाहिली. पिशवी पाहिली त्यांनी. दादाजी! थांबवा! अहो, नाव नका घेऊ, दादाजी, अजून कोणी काही सांगितलं नाही हो!

झालं. दारं उघडून राहिली गल्लीत. रंभाबाईचं दार. देवरावचं. आता धावतील सगळे. अन् यावेळी मी चहा कसा पाजू...

काय? तुम्ही काहून ओरडून राहिले? काय म्हणता? हळू बोला, मागामुळं ऐकू नाही येत. कोण? कुठं? पानठेल्यावर? कोण पानठेल्यावर?

केव्हापासून?

अन् तुम्ही इतका वेळ... मी बोलू दिलं नाही. बरोबर आहे. मीच बोलू दिलं नाही. माझी तार वाचून? मी चिडलो असेन म्हणून? म्हणून तुम्हाले आधी पाठवलं, पिशवी ओळखीची म्हणून हातात दिली, की बाप दारातून हाकलते का ते पाहून या, मग येतो? मी चिडलो? मी? अहो, मी तर —

चूप. चूप बसा जरा.

ऐका. ठोक्याच्या मधे. फटक-फट. फटक-फट. धावून राहिला. आजोबा गेले समजून धावून राहिला, धावतानाही टाच उचलत नाही गधडा, पडेल... कुसुम! कुसुम वं, ऐकलं का — नाही, ऐकलं तिनं. आत ताट वाजलं.

दादाजी, नका थांबू! चालू ठेवा, तो दारापर्यंत येऊ द्या!

अन् तुम्ही, बाप्पा, सरका ना बाजूले. दार अडवून काहून उभे आहात?